वाचले आणि समजले

चँडलर, अ‍ॅरिझोना
१२ सप्टेंबर १९८७

ती. दादा यांस,

शरयूचा नमस्कार. व्हर्जिनियातल्या हर्नडनहून पाठवलेलं तुमचं पत्र गुरुवारी हातात पडलं. आम्ही तिघं बरी आहोत. सप्टेंबर अर्धा संपत आला तरी इथे अजून एकशे चार डिग्री आहे, तुम्हाला आता हे ऐकून गंमत वाटत असेल. प्रल्हादची टूसॉनला होणारी बदली टळली. उत्तरा सहावीत गेली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, पण रडायचं झालं की मराठीत रडते, तेवढं अजून आपलं आहे.

प्रतिमा गेल्याचं इतक्या उशिरा कळलं म्हणून तुम्हाला फार वाईट वाटलं, असं लिहिलंय. दादा, ती १९ ऑगस्टला गेली आणि २० तारखेला मी स्वतः तुमच्या घरी फोन केला होता. वहिनींनी घेतला. तुम्ही मीटिंगमध्ये आहात म्हणाल्या. मीटिंग बरीच लांबलेली दिसते.

पत्र मी दोनदा वाचलं. प्रतिमाबद्दल सहा ओळी आहेत आणि ता. क. एकवीस ओळींचा आहे. मी काही मुद्दाम मोजायला बसले नव्हते, पण सात वर्षं तुमच्या हाताखाली काम केल्यावर माणसाला मोजायची खोड लागते.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी पाठवलेला ‘माझी धाकटी बहीण’ हा लेखही मिळाला. अंकाचं संपादन यंदा माझ्याकडे आहे, हे तिकडे बसून तुमच्या लक्षात राहिलं, बरं वाटलं. लेख ओघवता आहे. एका वाक्यापाशी मात्र मी अडखळले. तिच्या दोन वर्षांच्या आजारपणात तुम्ही तिच्यामागे ‘सावलीसारखे उभे होतात’ असं आहे. मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जात होते. ब्लड कॅन्सरच्या त्या वॉर्डात नर्सेसपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ओळखते. सावली तेवढी नजरेतून सुटली असावी. एक छापील ‘गेट वेल’ कार्ड मात्र तिच्या उशापाशी होतं. सहीसुद्धा छापील होती.

तुमच्या लेखात खऱ्या गोष्टी थोड्या कमी आहेत, म्हणून काही आठवणी मीच सुचवते. तिला भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला तुम्हाला ओवाळायची आणि तुम्ही दर वर्षी एकाच दुकानातला टॉवेलचा सेट घालायचात. असे पाच सेट जमले होते. केमोथेरपीत केस जायला लागले तेव्हा पद्मिनीमावशी, तिची आई, ते उशीवर अंथरत असत. रोज सकाळी टॉवेल उचलायचा, बाहेर नेऊन झटकायचा आणि नवा घालायचा. ओवाळणी उपयोगी पडली, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

पद्मिनीमावशींवरून आठवलं. पहिल्यांदा नागपूरहून आल्या तेव्हा लेक वेफर बनवते म्हणून त्यांना वाटलं, बटाट्याचे. आपण त्यांना फॅक्टरीत नेऊन काचेतून सिलिकॉनच्या त्या आरशासारख्या चकत्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, “एवढी शिकून शेवटी भट्टीपुढेच उभी राहिलीस ना.” प्रतिमा इतकी हसली की तोंडावरचा मास्क घसरला. तेव्हापासून फर्नेसला ती चूल म्हणायला लागली आणि वहीत कृती लिहायची ती स्वयंपाकघरातल्या शब्दांत.

आता त्या वहीवरच्या तुमच्या ता. क. कडे येते. तुमच्याकडच्या फोटोकॉपीतलं ‘वा.’ म्हणजे वाफ, ‘मं. आ.’ म्हणजे मंद आच, ‘झा. ठे.’ म्हणजे झाकण ठेवून, हे सगळं तुम्हाला लागलं. फक्त पान सत्तेचाळीसपासून पुढे दर वेळी पहिल्या ओळीत ‘गा. पो.’ लिहिलंय, ते लागत नाही. हर्नडनच्या नव्या फर्नेसमध्ये चकत्यांवर थर सारखा बसत नाही, पंचवीसातल्या नऊ-दहा वेफर वाया जातात आणि सोळा नोव्हेंबरला बाहेरची मंडळी तुमची ही प्रसिद्ध कृती बघायला येणार आहेत. फोटोकॉपी तुमच्याकडे कशी आली, ते मी विचारत नाही. तुम्हीच लिहिलंय की ती तिची ‘प्रेमाने दिलेली आठवण’ आहे.

‘गा. पो.’ म्हणजे ‘गॅस पोर्ट’ असावं, हा तुमचा तर्क. तुम्ही म्हणता तर तसंच असेल. तुमच्या तर्काला नाही म्हणायची मला कधी सवयच लागली नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ होते. काय बोलणं झालं ते पुन्हा केव्हातरी लिहीन. वहिनींना नमस्कार.

तुमची,
शरयू


चँडलर
३ ऑक्टोबर १९८७

ती. दादा,

नमस्कार. तुमचे दोन फोन आणि एक पत्र, सगळं पोचलं. फोनला मी आले नाही, कारण पहिल्या वेळी पोळ्या लाटत होते आणि दुसऱ्या वेळी पोळ्या लाटायच्या होत्या.

दोन आठवडे फर्नेस बंद ठेवून तुम्ही गॅस पोर्ट बदलून घेतलं, आत जाणारी नळी चार ठिकाणी हलवून पाहिली आणि थर पूर्वीपेक्षा वाईट बसतोय. ऐकून फार वाईट वाटलं. तर्क तुमचा होता, पण मान मी डोलावली, म्हणजे अर्धं पाप माझं. आता नीट विचार केल्यावर वाटतं, प्रतिमा शुद्धलेखनाची पक्की होती, ‘गॅस’ला तिने ‘गॅ.’ लिहिलं असतं. ‘गा.’ लिहिलं नसतं. मला हे आधी सुचायला हवं होतं.

खरं सांगायचं तर आधी सुचलं होतं.

तुम्ही लिहिता की गा. पो. मला माहीत असणारच, कारण प्रतिमा रजेवर असली की फर्नेस मी लावत असे. आणि इथे चँडलरला तुम्ही असताना कृती कधी चुकली नाही, मग तिथेच का चुकावी, असंही विचारता. प्रश्न चांगला आहे. इथे कृती चालायची कारण तुम्ही ऑफिसात असायचात आणि चुलीपुढे आम्ही. तुमच्या नावावरच्या पेटंटमध्ये तुम्ही अकरा पायऱ्या लिहिल्या आहेत आणि तिच्या वहीत बारा आहेत. जी तुम्हाला कळली नाही ती तुम्ही बिनमहत्त्वाची समजून गाळलीत. आम्ही ती रोज करत राहिलो, तुम्हाला पत्ताही नव्हता.

होय, मला गा. पो. माहीत आहे. लगेच सांगत नाही. एक मात्र सांगते, दादा, त्याचं उत्तर तुम्ही स्वतः एकदा माइकवरून दिलेलं आहे. हॉलभर टाळ्या घेतल्या होत्यात. आठवून बघा. भाषणं बरीच केलीत, वेळ लागेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “मी तुझ्यासाठी काय केलं ते तू विसरली नसशील.”

नाही विसरले. १९८४ चा ऑक्टोबर. दुपारी अडीच-तीन वाजलेले. माझ्या ग्रीन कार्डाचं कंपनीकडून जायचं पत्र सहा महिने तुमच्या टेबलावर पडून होतं. त्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत, ‘बस’ म्हणालात, ते पत्र पुढे ओढून त्यावर सही केलीत आणि त्याच हाताने तुमची नोटबुक माझ्याकडे सरकवलीत. तीन पानं होती. खाली इथल्या पद्धतीप्रमाणे साक्षीदाराची ओळ, ‘रेड अँड अंडरस्टुड’. “सही कर. तारखेची जागा राहू दे, मी भरतो.” पेनही तुमचंच दिलंत. तुम्ही धमकी दिली नाहीत, आवाज चढवला नाहीत. दोन कागद एकाच पेनने झाले, एवढंच.

ती तीन पानं प्रतिमाच्या वहीतली होती. तिच्या वाफेचं ‘स्टीम’ झालं होतं, मंद आचेचं ‘लो रॅम्प’. मी वाचलंही आणि मला समजलंही. आणि मी सही केली. घरी जाऊन प्रल्हादला फक्त पत्र झाल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही श्रीखंड केलं होतं. प्रतिमाला जेवायला बोलावलं होतं.

यापुढचं आज लिहवत नाही.

लेख मात्र अंकात घेता येणार नाही. जागा नाही. तुमच्या पानावर प्रतिमाचा मास्क घसरलेला फोटो टाकते आहे.

शरयू


चँडलर
२४ ऑक्टोबर १९८७, भाऊबीज

दिगंबरराव,

‘दादा’ यंदापासून बंद. ओवाळणारी गेली, नातं कोणाच्या जोरावर चालवायचं?

मंगळवारी तुम्ही प्रल्हादच्या ऑफिसात फोन केलात. मी फोनवर येत नाही म्हणून नवऱ्याला गाठलंत, हे तुमच्या पिढीला शोभलं. त्याच्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्यात, आणि मग त्याने मला निरोप द्यावा म्हणून जे म्हणालात ते त्याने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं: “शरयूला म्हणावं, त्या पानांवर सही तिचीही आहे. बुडालो तर एकटा बुडणार नाही.”

प्रल्हादला सहीबद्दल काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्याच्यापासून लपवलेलं तुम्ही एका फोनमध्ये सांगून टाकलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानले पाहिजेत. एकदा नवऱ्यापुढे मान खाली गेली की मग दुसऱ्या कोणाची भीती उरत नाही.

आता त्या शेवटच्या आठवड्याचं सांगते.

अकरा ऑगस्टची दुपार होती. प्रतिमाला त्या दिवशी जरा हुशारी होती. तिने पद्मिनीमावशींना घरून तिची वही आणायला लावली होती. तुमच्याच टॉवेलांच्या घडीखाली ती कपाटात होती. शेवटच्या पानावर तिने बाराच्या बारा पायऱ्या पुन्हा लिहिल्या होत्या, या वेळी पूर्ण शब्दांत, काही आखूड न करता. अक्षर थरथरलेलं, पण शुद्धलेखन जागच्या जागी. आणि खाली मराठीत एक ओळ होती. ‘वाचले आणि समजले.’ पुढे सहीची जागा.

“साक्षीदार म्हणून सही कर,” म्हणाली. मी पर्समधून पेन काढलं आणि सही केली. मग ती म्हणाली, “आणि आजचीच तारीख घाल हं.”

दिगंबरराव, त्या एका वाक्यात मला कळलं की तिला सगळं माहीत आहे. मी तिथेच रडायला लागले. ती म्हणाली, “काहून रडून राहिली? तारीखच तर घालायची आहे.”

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. पहिल्या महिन्यापासून, म्हणाली. तुमची नोटबुक वकिलाकडे जायच्या आधी दोन दिवस कॉपी मशीनजवळ पडली होती, तेव्हा तिने पाहिली. माझ्या सहीपुढे तुमच्या हाताने घातलेली तारीख १४ मार्च १९८४, म्हणजे तिच्या वहीतल्या त्या पानांच्याही आधीची. “चौदा मार्चला तू सांगलीला होतीस, सासऱ्यांच्या आजारपणात,” ती म्हणाली. “मीच सोडलं होतं तुला एअरपोर्टवर. तुझ्या सहीला पासपोर्ट लागत नाही वाटतं.” आणि हसली.

मग बोलली का नाहीस, मी विचारलं. तेव्हा तिने जे उत्तर दिलं ते मी रोज सकाळी उठल्यावर आठवते आणि रोज तुमचा राग नव्याने येतो. ती म्हणाली, “तुझं कार्ड व्हायचं होतं.”

माझं कार्ड फेब्रुवारी ८६ मध्ये आलं. तोवर तिचा आजार निघाला होता, तुम्ही त्या पेटंटच्या बळावर व्हर्जिनियाला व्हाइस प्रेसिडेंट होऊन गेला होतात, आणि मी तिला डबा नेत होते. माझी सही तिच्या कपाळावर मारलेली आणि ती माझ्या हातचा वरणभात खात होती, मीठ कमी आहे म्हणत होती. तुम्ही तिची वही चोरलीत. पण तिची पावणेतीन वर्षं तिला गप्प बसवणारी मी होते. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तुम्हालाच पहिल्यांदा लिहायची वेळ यावी, हाही न्यायच म्हणायचा.

ती साध्वी वगैरे होती असं मात्र समजू नका. तुमच्या लेखात तुम्ही तिला फार सोशिक करून ठेवलंय. तिने सही केलेलं पान बंद केलं आणि म्हणाली, “आता बघ, वर्षभरात तो तुला विचारणार. गा. पो. त्याला सापडणार नाही. लगेच सांगू नको. थोडं नाचव. मग सांग, पण सही करून सांग.” आठ दिवसांनी ती गेली. अंदाज बरोबर निघाला, फक्त वर्ष लागलं नाही. तिचा तेरावा होऊन दहा दिवस झाले नाहीत तोच तुमचं पत्र आलं.

म्हणून मी तुम्हाला नाचवलं. पहिली दोन पत्रं त्यासाठीच होती. तुम्ही दोन आठवडे नळी हलवत बसलात हे वाचून मी या घरात एकटी मोठ्याने हसले. लाज वाटली नाही. अजून वाटत नाही. सोळा नोव्हेंबरला ती मंडळी येऊन तुमच्या डागाळलेल्या चकत्या बघून जावीत, आणि प्रत्येक डागाबरोबर तुम्हाला तिचं नाव आठवावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. गप्प राहिले असते तर ती सहज पुरी झाली असती. नुसतं गप्प राहून सूड उगवता येतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

पण तिने ‘सही करून सांग’ म्हटलं होतं.

काल, शुक्रवारी, मी आपल्या इथल्या कंपनीच्या वकिलांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं. त्याचीच एक प्रत तुमच्या हर्नडनच्या प्रेसिडेंटना पाठवली. त्यात चार गोष्टी आहेत. कृती कोणाची, ते तिच्या वहीच्या पान सत्तेचाळीसपासूनच्या कॉपीसह. तुमच्या नोटबुकवरची माझी सही खोटी, ती ऑक्टोबरात केली आणि कशाच्या बदल्यात केली. माझ्या पासपोर्टचं पान, ज्यावर मुंबईचे येण्या-जाण्याचे शिक्के आहेत आणि चौदा मार्च त्यांच्या मधोमध आहे. आणि तिचं शेवटचं पान, माझ्या सहीसकट, खऱ्या तारखेसकट. तुमचा ‘एकटा बुडणार नाही’चा निरोप बरोबर होता. मी तुमच्या आधीच पाण्यात उतरले आहे.

माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. नोकरी बहुधा जाईल. खोटी साक्ष ती खोटी साक्ष. कार्डाला धक्का लागेल का, ते वकिलांनाच विचारावं लागेल. प्रल्हाद मंगळवारपासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. पण काल पोस्टापर्यंत त्यानेच गाडी नेली आणि रजिस्टरची पावती स्वतःच्या पाकिटात ठेवली. उत्तराने मागच्या सीटवरून विचारलं, “आई, डिड प्रतिमामावशी नो यू वेअर सॉरी?” मी म्हटलं, मी तिला तसं सांगितलंच नाही, मी नुसती तारीख घातली. ती मराठीत म्हणाली, “मग कळलं असेल.”

आता पत्र पोस्टात पडलं आहे, परत येत नाही. तेव्हा तुमचं उत्तर देऊन टाकते.

१९८३ ची दिवाळी आठवा. मंडळाचा कार्यक्रम, शाळेचा हॉल, तुम्ही सिल्कच्या झब्ब्यात. विषय ‘आपली संस्कृती आणि आपली मुलं’. तुम्ही म्हणालात, आमच्या घरी आई पहिली पोळी गाईची काढून ठेवी, मग आम्हाला वाढी, कारण पहिला घास आपला नसतो ही आपली शिकवण आहे. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत प्रतिमाही टाळ्या वाजवत होती.

पुढच्या एप्रिलमध्ये थर काही केल्या जमेना. पंचवीसातल्या काही बऱ्या निघाव्यात तर बाकीच्या बिघडत. सगळे आधी एखादी रद्दी चकती आत फिरवून आणतात, तेही करून झालं होतं. तेव्हा तिने त्या पंचवीसाच्या लॉटमधलीच पहिली, चांगली चकती एकटीच संपूर्ण कृतीतून काढली, मोजलीसुद्धा नाही, आणि बाजूला ठेवून दिली. मग उरलेल्या चोवीस लावल्या. चोवीसच्या चोवीस आरसा. चुलीला त्याच लॉटची चव आधी लागावी लागते, असं तिचं म्हणणं होतं. तेवीस एप्रिलला, पान सत्तेचाळीसवर, तिने पहिल्यांदा लिहिलं ‘गा. पो.’

गाईची पोळी.

मी तिला तेव्हा म्हटलं होतं, चांगली चकती कशाला घालवायची, रद्दीतलीच पुन्हा एकदा फिरवून बघ. ती म्हणाली, “पहिली पोळी ताजीच द्यायची असते. शिळी घातली तर तो गोग्रास नाही, उष्टं झालं.” आणि हे सुचलं दादांच्या भाषणावरून, असं ती तुम्हाला सांगायला तुमच्या ऑफिसात आली होती. तुम्ही फोनवर होतात. हात हलवून तिला नंतर ये म्हणालात. ऐकून घेतलं असतंत तर बारावी पायरी तुमच्या पेटंटमध्ये तुमच्याच भाषणाच्या नावाने असती. घरात रोज गाईसाठी पहिली पोळी निघत होती आणि तुम्हाला ती तीन वर्षांत ओळखता आली नाही, कारण तुम्ही फक्त पुढची खात आलात.

पद्मिनीमावशी पुढच्या महिन्यात नागपूरला परत जातील. तोवर त्या अजून रोज पहिली पोळी काढून ठेवतात, आणि मी आठवड्यातून दोनदा त्यांना गाडीने डेअरीच्या कुंपणाशी नेते. लेकीचं नाव त्या कधी घेत नाहीत. गाईची पोळी खाऊन होईपर्यंत मात्र त्या तिथून हलत नाहीत. काल मी त्यांना पत्राबद्दल सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “तिचं नाव छापून येईल ना?” मी येईल म्हणाले. ते खरं करणं आता वकिलांच्या हातात आहे, आणि थोडं तुमच्याही.

तेव्हा करा तुमचं सोळा नोव्हेंबरचं प्रदर्शन. पहिली चकती काढून ठेवा, चोवीस चांगल्या निघतील, माझी खात्री आहे. फक्त आता ती कृती प्रतिमाची आहे हे तुमच्या प्रेसिडेंटच्या टेबलावर लिहून पडलेलं असेल, आणि प्रत्येक चांगल्या चकतीने ते आणखी खरं ठरेल. डाग पडले तर तुम्ही खोटे, नाही पडले तर चोर. याहून चांगली ओवाळणी मला सुचली नाही.

सोबत तिच्या शेवटच्या पानाची एक प्रत तुमच्यासाठी ठेवते आहे. माझ्या सहीखाली एक जागा मोकळी आहे. सही करून परत पाठवा. पेन तुमचं घ्या.

प्रतिमाची साक्षीदार,
शरयू


वाचले आणि समजले: ______________________

तारीख (ज्या दिवशी सही कराल तीच): ______________